शेटे बाईंचा फोन

दाराखालच्या फटीतून मला पाय दिसले. अनवाणी पाय, बोटांत जोडवी, टाचा फरशीला लागू न देता उभे राहिलेले. शाळेच्या संडासात अनवाणी कोणी येत नाही. चपला हातात घेऊन, आवाज होऊ नये म्हणून त्या ओल्या फरशीवर पाय टाकण्याची तयारी असलेली व्यक्ती आमच्या शाळेत एकच होती.

फोनमधून ताई विचारत होती, "काय गं, पेपर कसा गेला? गप का झालीस?"

मी फोन कट करून पोटाशी धरला. आतल्या कड्या शाळेनं मागच्या वर्षीच काढून टाकल्या होत्या, त्यामुळे आम्ही मुली दार पायानं दाबून धरायचो. मीही तशीच उभी होते, पाठ भिंतीला आणि एक पाय दाराला. बाहेरच्या पायांनी दार ढकललं नाही. मी पुन्हा बोलेन आणि रंगेहाथ सापडेन, याची ते वाट बघत होते.

सहामाहीचा शेवटचा पेपर दुपारी संपला होता. दिवाळीची सुट्टी लागली होती. मैदानावरचा गलका हळूहळू फाटकाबाहेर गेला. मग शिपाई किसनमामांचा किल्ल्यांचा जुडगा वाजला. रोजच्याप्रमाणे त्यांनी बाहेरच्या पत्र्याच्या दारावर थाप मारली.

"कोन हाय का आत? कुलूप लावतोय!"

मी श्वास रोखला. ओ दिली असती, तर फोनसकट बाहेर जावं लागलं असतं. बाईंनीही श्वास रोखला. त्यांनी ओ दिली असती, तर मी सावध झाले असते.

दार ओढलं गेलं. कडी पडली, कुलूप खटकन बसलं.

त्यानंतरही आम्ही दोघी थोडा वेळ तशाच उभ्या होतो, एकाच दाराच्या दोन बाजूंना. मग किसनमामांची जुनी एम-एटी फटफटत सुरू झाली आणि बाईंचे पाय धावले.

"किसनमामा! अहो किसनमामा! थांबा!"

त्यांनी पत्र्यावर दोन्ही हातांनी थापा मारल्या. एम-एटीचा आवाज फाटकापर्यंत गेला, वळला आणि उसाच्या पलीकडे विरला. मामांना तसंही एका कानानं कमी ऐकू यायचं.

"ये बाहेर," शेटे बाई म्हणाल्या. "कोण आहेस ते बघू दे."

मी बाहेर आले.

"सपाटे. वाटलंच मला. थोरलीनं वाट पाडली, धाकटी निघाली त्याच वाटेनं."

हे बोलणं समजायला आमच्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी. माझी ताई, उज्ज्वला, दोन वर्षांपूर्वी आमच्याच आवारातल्या कॉलेजात बारावीला असताना निघून गेली. मुलगा दुसऱ्या जातीचा होता. दोघांनी पुण्यात लग्न केलं. गावात बोभाटा झाला की सपाट्यांची पोरगी शाळेच्या संडासात लपून मोबाइलवर बोलायची आणि तिथूनच, मागच्या भिंतीवरून, पळाली. शाळेची बदनामी झाली. त्या वर्षी उज्ज्वलाच्या वर्गशिक्षिका शेटे बाई होत्या. त्यांना संस्थेनं लेखी जाब विचारला, आणि पुढं संडासाची देखरेख त्यांच्याकडेच दिली. मुलांच्या बाजूला एक सर छडी घेऊन उभे राहायचे, कारण तिकडं गुटखा आणि बिडीचा त्रास. आमच्या बाजूला बाई. मधल्या सुट्टीत त्या दाराशी, ऊन असो वा पाऊस, गळ्यात शिट्टी अडकवून उभ्या असायच्या. सुट्टी संपली की शिट्टी, मग मामांची हाक, मग कुलूप. मुली त्यांना मागं 'नाकेबंदी' म्हणायच्या.

घरात अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, ताईचा फोटो भिंतीवरून काढला. "आपल्याला एकच मुलगी," असं ते आईला म्हणाले. त्या एका मुलीला दहावीपर्यंत शिकवायचं कबूल केलं ते आईनं जेवण सोडलं म्हणून. अट एवढीच, की शाळेतून तक्रार येता कामा नये. एक तक्रार आली, की शाळा बंद. मिरजेकडचं एक स्थळ आईच्या भावानं सुचवून ठेवलेलंच होतं.

"हातात काय आहे?" बाईंनी विचारलं.

"काही नाही, बाई. पॅडचं पाकीट आहे."

"पॅड बोलायला लागले का गं हल्ली?"

मी पाकीट पाठीमागे नेलं.

"आण इकडं."

पाकिटात हात घालायला कोणीही बिचकतं, म्हणून मी फोन त्यात ठेवायची. दप्तरं तपासणारे सर तर पाकीट दिसलं की नजर वळवायचे. बाई बिचकल्या नाहीत. त्यांनी फोन बाहेर काढला. साधा बटणांचा होता, ताईनं तिच्या पुण्यातल्या मैत्रिणीच्या हाती पाठवलेला.

"कुणाशी बोलत होतीस?"

"कुणाशी नाही."

"मुलगा कुठला आहे? गावातला?"

"मुलगा नाही, बाई. शपथ."

"शपथा तुझ्या बहिणीनंही घेतल्या होत्या माझ्यासमोर. सुट्टी संपली की वडिलांना घेऊन यायचं. त्याशिवाय वर्गात पाय ठेवायचा नाही."

"बाई, नको. मला काहीही शिक्षा करा. वर्षभर हे संडास धुवायला लावा. अण्णांना नको."

"का? बहिणीच्या वेळी बोलावलं असतं, तर आज ही वेळ आली नसती."

त्या चपला घालून पुन्हा दाराकडे गेल्या. दार हलवलं. वरच्या जाळीच्या खिडकीकडे पाहिलं. ती आम्हा दोघींच्याही हाताच्या वर होती, आणि तिच्यातून मांजरही गेलं नसतं. हौदावर चढून मी तोंड जाळीशी नेलं आणि हाका मारल्या. पलीकडे ऊस होता. त्याही पलीकडे कुठल्या तरी ट्रॅक्टरवर गाणी लागली होती. बाईंनी शिट्टी वाजवली. खूप वेळ वाजवली. शिट्टी त्या भिंतींमध्ये एवढी घुमली की मी कानांवर हात ठेवले. बाहेर कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.

"बाई, तुमचा फोन?"

"स्टाफरूमच्या कपाटात. देखरेखीवर असताना शिक्षकांनी फोन ठेवायचा नाही. नियम मीच करून घेतलाय." त्यांनी हातातली शिट्टी सोडली. "घरमालकीण समजेल, मी कोल्हापूरला गेले. आणि कोल्हापुरात भावाला मी सांगून ठेवलंय, पेपर तपासून उद्या येते."

म्हणजे त्यांना उद्यापर्यंत कोणी शोधणार नव्हतं. मला मात्र तासाभरात शोधतील, आणि त्यात दिलासा काहीच नव्हता. आमच्या घरात मुलगी शाळेतून वेळेवर परतली नाही, याचा अर्थ एकच. अण्णा शाळेकडे येणारच नाहीत. ते आधी एसटी स्टँडवर जातील. तिथं चार माणसांना विचारतील, आणि त्या चौघांकडून गावाला कळेल की सपाट्यांची दुसरीही गेली. मग मी संडासात सापडले काय आणि आकाशातून पडले काय, कोण विश्वास ठेवणार?

बाईंनी माझ्या फोनकडे पाहिलं.

"हा चालतो ना?"

"बॅलन्स नाही. मिस्ड कॉलपुरता आहे."

"नंबर किती आहेत यात?" त्यांनी बटणं दाबली. "एकच? 'ता' म्हणजे कोण?"

मी हौदाच्या कडेवर बसले. खोटं बोलायला काही शिल्लक नव्हतं.

"ताई."

बाईंनी फोनकडे पुन्हा पाहिलं. मग त्यांनी नंबर लावला, एक रिंग जाऊ दिली आणि कट केला. लगेच फोन थरथरला. त्यांनी स्पीकर सुरू केला.

"निलम! काय झालं गं? जीव टांगणीला लागला माझा. कोण आलं होतं?"

"मी आले होते," बाई म्हणाल्या. "शेटे."

पलीकडे काही वाजलं, भांडं पडल्यासारखं.

"बाई? बाई, तिचा दोष नाही. फोन मी दिलाय. तिला काही बोलू नका, अण्णांना तर मुळीच—"

"उज्ज्वला, ते नंतर. आम्ही दोघी संडासात कोंडलो गेलोय. किसन कुलूप लावून गेला. शाळा बंद झाली."

"तुम्ही दोघी? तुम्ही कशा?"

"तुझ्यामुळं. दोन वर्षं मी या दाराशी उभी आहे ती तुझ्यामुळं. तू इथून पळालीस म्हणून."

"मी कुठं संडासातून पळाले, बाई?" ताईच्या आवाजात खरंच आश्चर्य होतं. "त्या भिंतीवरून मांजर जाईना. मी स्टँडवरून गेले, सकाळच्या कराड गाडीनं. खिडकीजवळ बसून. कंडक्टर आमच्या गिरणीवर दळण आणायचा, तो म्हणाला, 'कुठं निघालीस गं, पोरी?' मी म्हटलं, मावशीकडं."

"आणि फोन? फोनवर बोलायचीस ना इथं?"

"तेव्हा आमच्या घरात अण्णांच्या खिशातला सोडून फोन कुणाकडं होता, बाई? चिठ्ठ्या द्यायचो आम्ही. त्याही ग्रंथालयात."

शेटे बाई भिंतीला टेकल्या. साडीला ओल लागते आहे, हेही त्यांच्या लक्षात आलं नसावं.

"ग्रंथालय माझ्याकडं होतं तेव्हा," त्या हळू म्हणाल्या.

"हो, बाई. तुम्ही शेवटच्या टेबलाकडं बघायचा नाहीत."

मला हसू आलं आणि मी ते दाबलं. बाईंनी पदर सावरला, आवाज सावरला.

"बरं. आता लिहून घे. माझ्या भावाचा नंबर." त्यांनी आकडे सांगितले आणि शेवटी अडखळल्या. "चौऱ्याऐंशी की अठ्ठेचाळीस... सगळं त्या मोबाइलमध्ये असतं गं. पूर्वी पाठ असायचे."

ताईनं दोन्ही लावून पाहिले. एक बंद होता, दुसऱ्यावर नाशिकचा कोणी माणूस वैतागून बोलला. शाळेचा नंबर लावला, तर आमच्याच डोक्यावरून, बंद ऑफिसातून, घंटी वाजल्याचं आम्हालाही अस्पष्ट ऐकू आलं. शंभर आमच्या फोनवरून लागेना; ताईनं लावला, तर पुण्याच्या पोलिसांनी उचलला आणि तिथल्या चौकीचा नंबर शोधा म्हणाले. किसनमामांकडे मोबाइलच नव्हता. आणि ताई गाव सोडून गेली ती नेसत्या कपड्यांनिशी. इथल्या मैत्रिणींचे नंबर तिच्याजवळ नव्हते.

"गावातला एक तरी नंबर पाठ असेल ना तुला?" बाईंनी विचारलं.

ताई गप्प राहिली. मीही गप्प राहिले. तो नंबर आम्हा दोघींना पाठ होता. गिरणीच्या पाटीवर तो रंगवलेला होता. मला तो लावता आला असता, पण मिस्ड कॉलला अण्णा कधी उलट फोन करत नसत. उधारीवाल्यांची सवय ती, म्हणायचे.

"अण्णांचा आहे," शेवटी ताई म्हणाली. "पण मागच्या दिवाळीला मी केला होता, बाई. 'अण्णा' म्हटलं, आणि त्यांनी ठेवून दिला. परत केला, तर उचललाच नाही."

"ताई, नको," मी म्हणाले. "त्यांना कळलं की आपण बोलतो, तर संपलं. बाई, नको ना. कोणीतरी येईल. गुरं राखणारं कोणी तरी येईल मागं."

"आणि नाही आलं तर? संध्याकाळपर्यंत तुझे वडील कुठं शोधतील तुला?"

उत्तर त्यांना माहीत होतं. म्हणूनच त्यांनी विचारलं.

बाई दोन पावलं चालल्या, वळल्या, पुन्हा दोन पावलं चालल्या. त्याहून जास्त तिथं चालताच येत नव्हतं. वर्गात निबंध सांगताना त्या अशाच चालायच्या.

"उज्ज्वला, हा नंबर वडिलांना माहीत आहे का? ज्यावरून तू बोलतेस तो?"

"नाही. नवा आहे."

"मग तू बोलायचंच नाही. शेटे बाई बोलेल."

"म्हणजे?"

"म्हणजे माझं नाव घेऊन तू बोलायचं. त्यांना वाटलं पाहिजे, शाळेच्या बाईंचा फोन आलाय. आणि बोलण्यात आधी मुद्दा. माणूस फोन ठेवायच्या आत त्याला कळलं पाहिजे, काय झालं, कुठं झालं, काय करायचं. बाकी सगळं कापून टाक. ऐक. 'निलम शाळेत माझ्याजवळ आहे.' हे पहिलं. म्हणजे काळजी मिटली. 'संडासाला चुकून कुलूप लागलंय, मीही आत आहे. किसनला घेऊन या.' संपलं. रडायचं नाही, माफी मागायची नाही."

"आवाज ओळखतील."

"गिरणीत असतील ना ते? दिवाळीच्या तोंडाला गिरणी थांबते का कधी? त्या खडखडाटात स्वतःच्या बायकोचा आवाज ओळखू येत नाही माणसाला. म्हणून दाखव."

ताईनं घसा खाकरला. मग ती बोलली, आणि मी दचकून बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ मिटलेले होते. आवाज मात्र त्यांचाच होता. प्रत्येक शब्दाच्या शेवटी छडी आपटल्यासारखा तोच हेल, 'श' वर तोच जोर.

"ही माझी नक्कल?" बाईंनी विचारलं.

"सगळ्याच करायच्या, बाई. मी जरा बरी करायची."

"एवढ्या ठसक्यात बोलते मी?"

"याहून जास्त. मी कमी केलंय."

शेटे बाई हसल्या. मी त्यांना हसताना तोवर पाहिलं नव्हतं. त्यांना ते फारसं जमतही नव्हतं. मग त्या गंभीर झाल्या आणि म्हणाल्या, "कर फोन. आणि झाल्यावर आम्हाला सांग."

फोन बंद झाला. आम्ही वाट बघत राहिलो. एका तोटीतून थेंब पडत होते. त्या भिंतींवर काही ठिकाणी नवा चुना मारलेला होता. खालचा मजकूर दिसू नये म्हणून. तरी तो दिसायचाच. एका जागी 'नाकेबंदी' असं लिहिलेलं होतं. बाईंनी ते वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं नाही.

"बाई, खरं सांगा," मी म्हणाले. "सुट्टीनंतर तुम्ही तक्रार करणार?"

"मी नियम केलाय, सपाटे."

"मग आत्ता मला वाचवून काय उपयोग?"

बाई खाली बघून जोडव्याचं बोट दुसऱ्या बोटावर घासत राहिल्या. मला वाटलं, अण्णा आले तरी मी इथून सुटणार नाही. फक्त कुलूप बदलेल.

फोन थरथरला. मी बाईंच्या आधी बटण दाबलं.

"झालं," ताई म्हणाली. तिला धाप लागली होती. "उचलला. मी सगळं धडाधडा बोलले. ते म्हणाले, 'कोण बोलतंय?' मी म्हटलं, शेटे बाई. तर म्हणाले, 'ऐकू येत नाही, गिरणी चालू आहे, परत सांगा.' परत सांगितलं. मग म्हणाले, 'अजून एकदा सांगा.' बाई, घाबरून मला हेल धरवेना, त्यांच्या शब्दांपलीकडं काही कानात शिरेना. पण मी सांगितलं, तेच, तसंच. तर जरा वेळानं म्हणाले, 'बरं. येतो.'"

"ओळखलं का?" मी विचारलं.

"नाही गं. ओळखलं असतं तर ठेवला नसता का? खडखडाटात काय ओळखणार." मग तिचा आवाज बदलला. "निलम, म्हातारे झाल्यासारखे वाटले गं."

बाईंनी फोन माझ्या हातातून घेतला. "उज्ज्वला, आता ठेव. दार उघडेल तेव्हा हा वाजता कामा नये."

किती वेळ गेला, ते आज सांगता येणार नाही. जाळीतून पडलेलं ऊन हौदावरून खाली उतरून फरशीवर आलं होतं, एवढं आठवतं. त्या वेळात बाईंनी मला एकच प्रश्न विचारला.

"बरी आहे का ती? नवरा कसा आहे?"

"बरी आहे. पॅकिंगच्या कंपनीत जाते. नवरा चहा करतो सकाळी."

"चहा करतो," बाई म्हणाल्या.

मग एम-एटीचा आवाज आला. किल्ल्या वाजल्या. दार उघडायच्या आतच किसनमामांचं बोलणं सुरू झालं होतं.

"मी हाक मारली की, बाई! रोज मारतो. 'कोन हाय का आत' म्हनलं. वो द्यायची न्हाई व्हय? दोघीस्नी जीभ न्हाई?"

बाहेरच्या उजेडानं माझे डोळे दिपले. मामांच्या मागे अण्णा उभे होते. भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर, छातीवरच्या केसांवर पीठ. ते माझ्याकडे बघत नव्हते.

"बाई, तुमचा फोन आला," ते म्हणाले.

"हो. त्रास दिला तुम्हाला. चूक माझी. मी आत होते आणि ओ दिली नाही."

मामांचं लक्ष बाईंच्या हाताकडे गेलं. "बाई, तुमचा फोन तर कपाटात ठेवलाय मी माझ्या हातानं. ह्यो कुनाचा?"

तक्रार करायला शाळा उघडायचीही गरज नव्हती. अण्णा समोर होते, फोन समोर होता, साक्षीदार समोर होता.

"हा दुसरा," शेटे बाई म्हणाल्या. "माझाच. नियम मोडला मी. सुट्टीनंतर हेडसरांना सांगा हवं तर." त्यांनी खांद्याची पर्स पुढं घेतली, फोन आत टाकला आणि चेन ओढली.

"मी कशाला सांगतोय," मामा पुटपुटले.

अण्णा त्या पर्सकडे बघत होते. मग म्हणाले, "काय तक्रार आहे का हिची?"

"नाही," बाई म्हणाल्या. "मराठी चांगलं आहे. गणिताकडं लक्ष द्या म्हणावं."

अण्णांनी मान हलवली, नमस्कार केला आणि चालायला लागले. मी त्यांच्यामागून निघाले. फाटकाशी वळून पाहिलं, तर बाई हातपंपावर पाय धूत होत्या.

रस्ताभर अण्णांनी मागं वळून पाहिलं नाही. ते पुढं, मी मागं. आकाशकंदिलांची दुकानं लागली होती. मी त्यांच्या पाठीकडे बघून अंदाज बांधत होते. पाठीवरून काही कळत नव्हतं. मनात ताईचं वाक्य घोकत होते, ओळखलं असतं तर ठेवला नसता का. स्टँडजवळ त्यांना कोणीतरी हाक मारली, "काय अण्णा, गिरणी सोडून कुठं?" तर ते म्हणाले, "शाळेत काम होतं," आणि थांबले नाहीत.

गिरणीसमोर बायका आपापल्या डब्यांवर बसल्या होत्या. आत अंधार होता. पट्टा चाकावर सैल पडला होता.

"आलासा का?" पहिल्या डब्यावरची म्हातारी म्हणाली. "ह्या लायटीचं काय करायचं वो अण्णा? अकरापासनं बसलोय हितं हात जोडून. भाजनी कवा दळायची आन् चकल्या कवा तळायच्या?"

"येईल," अण्णा म्हणाले.

मी उंबऱ्यावरच थांबले.

तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी पिठाचा हात धोतराला पुसला, फोन बाहेर काढून डोळ्यांपासून लांब धरला. मी बाजूलाच होते. मलाही आकडे दिसले. मी बाहेर पडले की नाही हे कळायला ताईकडे दुसरा मार्गच नव्हता. माझा फोन बाईंच्या पर्समध्ये गेला होता. मी तिथून पळून जावं म्हटलं, तर दारात बायका आणि डबे.

अण्णांनी फोन कानाला लावला.

"हॅलो. कोण? शेटे बाई का?" ते म्हणाले. "हां, बाई. पोचली. घरी आणली... नाही, नाही. रागावलो नाही... शाळेचं काय? सुट्टी संपली की येईल की शाळेला. दहावी करायची. पुढचंबी बघू."

बायका बोलायच्या थांबल्या होत्या. गिरणीत एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. फोनमधला बारीक आवाज मलासुद्धा ऐकू येत होता, आणि त्यात आता हेल नव्हता.

"काय म्हणालात?" अण्णांनी विचारलं.

ते माझ्याकडे आणि बायकांकडे पाठ करून भिंतीकडे वळले. मोकळ्या कानात त्यांनी बोट घातलं.

"ऐकू येईना, बाई. गिरणी चालू आहे. जरा परत सांगा."